आडनावच झालं शिवी: नॉर्वेचा गद्दार क्विसलिंग आणि युद्धानंतर झालेला हिशेब

मराठीत एखाद्याला 'सूर्याजी पिसाळ' म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. रायगडाच्या पाडावाशी जोडलं गेलेलं हे नाव आता विशेषणासारखंच वापरलं जातं. राजकारणात तर दर दोन-चार वर्षांनी ते नव्याने कुणाच्या तरी माथी मारलं जातं.

इंग्रजीतही असाच एक शब्द आहे. क्विसलिंग. डिक्शनरी उघडली तर अर्थ सापडतो, शत्रूशी हातमिळवणी करून स्वतःच्या देशाशी फितुरी करणारा माणूस. फरक एवढाच की सूर्याजीचं नाव म्हणीसारखं रुळायला काळ जावा लागला. क्विसलिंगच्या बाबतीत हे काम काही दिवसांत झालं. स्वतःच्या आडनावाची शिवी झालेली त्याने स्वतः पाहिली आणि त्यानंतर पाच वर्षांनी त्याच्या छातीत गोळ्या घातल्या गेल्या.

पण क्विसलिंगला गोळ्या घातल्या आणि विषय संपला, असं झालं नाही. युद्धानंतर नॉर्वेने आपल्या फितुरांचा जो हिशेब केला, त्यात काही जण योग्य तेच भोगून गेले, काही अलगद सुटले आणि काहींनी न केलेल्या गद्दारीची किंमत मोजली.

हुशार पोरगा, राजाच्या भेटीला

विडकून क्विसलिंगचा जन्म १८८७ चा, दक्षिण नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला. वडील चर्चमध्ये पाद्री. पोरगा अभ्यासात एवढा हुशार की लष्करी शिक्षणात त्याने विक्रमी गुण मिळवले आणि त्याबद्दल त्याला राजा हाकोन सातवा याची भेट मिळाली. हा राजा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

१९२० च्या दशकात युक्रेनमध्ये दुष्काळ पडला तेव्हा प्रसिद्ध नॉर्वेजियन संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्यासोबत मदतकार्यात क्विसलिंगने झोकून देऊन काम केलं. पुढे मॉस्कोत राहून त्याने ब्रिटनचं राजनैतिक काम सांभाळलं आणि त्यासाठी ब्रिटिशांनी त्याला मानाचा किताबही दिला. (१९४० मध्ये तो काढून घेतला, हे सांगायला नकोच.) १९३१ ते १९३३ या काळात तो नॉर्वेचा संरक्षणमंत्री होता.

म्हणजे हा कुणी गल्लीतला गुंड नव्हता. पण रशियात राहून आल्यावर कम्युनिझमची भीती त्याच्या डोक्यात पक्की बसली आणि देशाला एका बलवान नेत्याची गरज आहे, हेही. तो नेता कोण, यावर त्याच्या मनात अजिबात शंका नव्हती.

मे १९३३ मध्ये त्याने 'नास्योनाल सामलिंग' म्हणजे राष्ट्रीय एकता नावाचा पक्ष काढला. लोकांनी त्याला काय किंमत दिली? १९३३ च्या निवडणुकीत दोन टक्क्यांच्या आसपास मतं, १९३६ मध्ये त्याहून कमी. खासदार शून्य. मतपेटीतून सत्ता मिळत नाही म्हटल्यावर गडी दुसऱ्या दारात गेला. डिसेंबर १९३९ मध्ये त्याने बर्लिनला जाऊन हिटलरची भेट घेतली. आक्रमणाच्या जेमतेम आठवडाभर आधी, एप्रिल १९४० च्या सुरुवातीला, कोपनहेगनमध्ये तो जर्मन गुप्तचर खात्याच्या एका कर्नलला भेटला आणि नॉर्वेच्या संरक्षणाबद्दलच्या प्रश्नांना त्याने उत्तरं दिली.

देशाचा माजी संरक्षणमंत्री हे करत होता.

रेडिओवरून केलेलं बंड

९ एप्रिल १९४०. पहाटेच्या अंधारात जर्मन युद्धनौका ओस्लोच्या दिशेने खाडीत शिरल्या. सगळ्यात पुढे होती 'ब्लूखर' ही नवीकोरी क्रूझर. वाटेत ऑस्कार्सबोर्ग नावाचा जुना किल्ला होता, त्यावर चाळीसेक वर्षांपूर्वीच्या तोफा आणि बरेचसे नवखे शिपाई. किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सन याने वरून आदेश येण्याची वाट न बघता तोफा डागल्या. पाठोपाठ टॉर्पेडो सुटले आणि ब्लूखर बुडाली.

या एका गोष्टीने जर्मनांचं वेळापत्रक कोलमडलं. मिळालेल्या काही तासांत राजा, सरकार आणि संसद ओस्लोतून निसटले. बँकेतलं सुमारे ५० टन सोनंही हलवलं गेलं.

राजधानीत सरकार नाही, लोक गोंधळलेले. क्विसलिंगने नेमकी हीच वेळ साधली. त्या संध्याकाळी तो रेडिओ स्टेशनवर गेला आणि आपणच नवे पंतप्रधान असल्याचं जाहीर करून टाकलं. सैन्य जमवण्याचा आदेशही त्याने रद्द केला. इतिहासात रेडिओवरून केलेलं पहिलं सत्तांतर म्हणून या घटनेकडे बघितलं जातं.

दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूत राजाला भेटला. मागणी अशी की क्विसलिंगला पंतप्रधान म्हणून मान्य करा. पळता पळता दमलेल्या हाकोनने आपल्या मंत्र्यांना सांगितलं, निर्णय तुमचा, पण या माणसाची नेमणूक मी करू शकत नाही. तुम्हाला ती करायची असेल तर मी सिंहासन सोडतो. मंत्रिमंडळ राजाच्या पाठीशी उभं राहिलं. पुढच्याच दिवशी जर्मन विमानांनी राजा मुक्कामाला होता त्या गावावर बॉम्ब टाकले. राजा बर्फातून, जंगलातून पळत बचावला आणि जूनमध्ये ब्रिटनला पोहोचला. या तीन दिवसांवर 'द किंग्ज चॉइस' नावाचा २०१६ चा चित्रपट आहे.

क्विसलिंगची पहिली खुर्ची आठवडाभरही टिकली नाही. तो लोकांना इतका नकोसा होता की जर्मनांनाच त्याची अडचण होऊ लागली. त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि योसेफ टेरबोफन नावाचा जर्मन अधिकारी देशावर बसवला. पण तोवर नाव जगभर झालं होतं. एप्रिल १९४० मध्येच लंडनच्या 'टाइम्स'ने अग्रलेखात क्विसलिंग हा शब्द अनेकवचनात वापरला. उच्चारायला सोपा, ऐकायला सरपटणारा, पत्रकारांना तर आयताच मिळालेला शब्द!

नॉर्वेत एक विनोद फिरायचा. क्विसलिंग हिटलरला भेटायला जातो आणि दारावरच्या पहारेकऱ्याला म्हणतो, "मी क्विसलिंग." पहारेकरी म्हणतो, "ते कळलं, पण नाव काय?"

शिक्षकांनी जेरीला आणलं

१ फेब्रुवारी १९४२ ला जर्मनांनी त्याला पुन्हा बाहेर काढून 'मंत्री-अध्यक्ष' केलं. खरी सत्ता टेरबोफनकडेच होती. क्विसलिंग मात्र ओस्लोजवळच्या एका आलिशान वाड्यात राहायला गेला आणि देश घडवायला निघाला. सुरुवात केली शाळेपासून. सगळ्या शिक्षकांना सरकारी संघटनेत सक्तीने भरती करायचं आणि मुलांना नाझी विचार शिकवायचे, असा बेत.

देशात सुमारे १४ हजार शिक्षक होते. त्यातल्या बहुसंख्यांनी जवळपास एकाच मजकुराची पत्रं पाठवून नकार कळवला. सरकारने सुमारे ११०० शिक्षकांना अटक केली, त्यातल्या पाचशेच्या आसपास लोकांना जहाजात कोंबून उत्तरेच्या टोकाला, किर्केनेसला, मजुरीसाठी पाठवलं. तरी शिक्षक बधले नाहीत. पालकांनीही निषेधाची पत्रं पाठवली. शेवटी त्याच वर्षी शिक्षकांना घरी सोडावं लागलं. तुम्हीच माझं सगळं वाटोळं केलं, असं क्विसलिंग एका शाळेत शिक्षकांवर ओरडला होता. त्याच्या कारकिर्दीबद्दल त्याने स्वतः केलेलं हे सगळ्यात अचूक विश्लेषण म्हणावं लागेल.

हसण्यासारखं एवढंच. कारण त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नॉर्वेतल्या ज्यूंची धरपकड झाली. कायदा क्विसलिंगच्या सरकारचा, अटक करणारे पोलीस नॉर्वेचे. २६ नोव्हेंबर १९४२ ला 'डोनाऊ' हे जहाज ५०० हून अधिक ज्यूंना घेऊन ओस्लो बंदरातून निघालं, पुढचा मुक्काम ऑशविट्झ. युद्धभरात नॉर्वेतून सुमारे ७७० ज्यूंना पाठवलं गेलं. जिवंत परतले चाळीसहून कमी.

रिन्नान: विश्वास जिंकून मारणारा

क्विसलिंग वाड्यात बसून गद्दारी करत होता. ट्रॉन्डहाइम शहरातला हेन्री रिन्नान ती रस्त्यावर उतरून करत होता, आणि सामान्य नॉर्वेजियन माणसाला विचाराल तर जास्त धडकी रिन्नानच्या नावाने भरायची.

१९१५ चा जन्म, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. नातेवाइकाच्या दुकानात काम करताना चोरीमुळे बाहेर काढलेला. १९४० मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, त्याला हाताशी धरलं आणि लहानपणापासून कुणी न मोजलेल्या या माणसाला एकदम गाडी, पैसा आणि पिस्तूल मिळालं.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. त्याची माणसं ट्रेनमध्ये, बसमध्ये, हॉटेलात जर्मनांविरुद्ध मोठ्याने बोलायची. कुणी सहमती दाखवली की ओळख वाढवायची, आपण भूमिगत चळवळीत असल्याचं सांगायचं. समोरचा माणूस देशप्रेमाने भारावून कामाला लागायचा, आपले मित्र आणायचा, शस्त्रं कुठे लपवलीत ते सांगायचा. आपला संपूर्ण गट गेस्टापोच चालवतंय, हे त्याला अटक होईपर्यंत कळायचं नाही. कधी कधी तर अटक झाल्यावरही कळायचं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फेक अकाउंटने चालवलेला ग्रुप, फक्त इथे अॅडमिनच्या हातात तळघर होतं.

ते तळघर खरंच होतं. १९४३ पासून ट्रॉन्डहाइममधला एक बंगला टोळीचा अड्डा बनला. तिथे लोकांचा अनन्वित छळ झाला, खून झाले. रिन्नानच्या टोळीत पन्नासहून अधिक माणसं होती, त्यात स्त्रियाही होत्या. टोळीमुळे शेकडो लोक पकडले गेले, कित्येक जिवानिशी गेले. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या नॉर्वेजियन सैनिकांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, पण तो वाचला.

युद्ध संपेपर्यंत चळवळीनेही हात बांधून ठेवले नव्हते. खबऱ्यांना गुपचूप संपवायचं, हे धोरण होतं आणि युद्धकाळात असे ८० च्या वर लोक मारले गेले. सगळ्यात मोठी शिकार म्हणजे राजकीय पोलिसांचा प्रमुख कार्ल मार्टिन्सेन. फेब्रुवारी १९४५ मध्ये ओस्लोत त्याच्या गाडीवर गोळीबार झाला. बदल्यात जर्मन आणि क्विसलिंग सरकारने दोन डझनांहून अधिक कैद्यांना ठार केलं. सूड असा दोन्ही बाजूंनी चालू होता.

मे १९४५

८ मे १९४५ ला जर्मनीने नॉर्वेतली सत्ता सोडली. टेरबोफनने बंकरमध्ये स्वतःसकट डायनामाइट उडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्विसलिंग स्वतः गाडीत बसून ओस्लोच्या पोलीस ठाण्यात हजर झाला. माजी राष्ट्रप्रमुख म्हणून आपल्याला घरात नजरकैदेत ठेवतील, अशी त्याची समजूत होती. त्याला साध्या कोठडीत टाकलं.

रिन्नानला शरणागती वगैरे मंजूर नव्हती. टोळी आणि ओलीस धरलेली माणसं घेऊन तो स्वीडनच्या सीमेकडे निघाला. डोंगरात बर्फ होतं, पाठलाग करणाऱ्यांना वाटा माहीत होत्या. काही दिवसांत तो पकडला गेला.

आता खरा पेच. नॉर्वेत १८७६ नंतर शांततेच्या काळात कुणालाच फाशी दिलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी कायद्यातून मृत्युदंड काढून टाकला होता. तो फक्त युद्धकाळाच्या लष्करी कायद्यात उरला होता आणि तोही लढाई सुरू असेपर्यंतच. लंडनमधल्या निर्वासित सरकारने युद्ध चालू असतानाच वटहुकूम काढून देशद्रोहासाठी ही शिक्षा युद्धानंतरही देता येईल अशी सोय करून ठेवली. गुन्हा घडल्यावर शिक्षेचा नियम बदलता येतो का, यावर नॉर्वेत तेव्हाही वाद झाला आणि पुढे अनेक वर्षं होत राहिला. प्रश्न रास्तच होता. पण दुसरा पर्याय जमावाच्या हाती न्याय देण्याचा होता आणि शेजारच्या काही देशांत तो दिसतही होता. फ्रान्समध्ये मुक्तीच्या काळात हजारो संशयित खटल्याशिवाय मारले गेले. नॉर्वेत तसं झालं नाही, याचं बरंचसं श्रेय त्या वादग्रस्त वटहुकुमाला जातं. आपल्याला न्याय मिळणार आहे, हे लोकांना दिसत होतं.

क्विसलिंगचा खटला २० ऑगस्ट १९४५ ला सुरू झाला. देशद्रोह, खुनांमध्ये सहभाग, ज्यूंच्या हद्दपारीची जबाबदारी आणि चोरीसुद्धा. राजवाड्यातल्या वस्तू त्याच्याकडे सापडल्या होत्या. आपण देश वाचवला, असंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. आक्रमणाची आपल्याला आधी कल्पना नव्हती, हा त्याचा दावा मात्र जर्मनीत हाती लागलेल्या कागदपत्रांनी पाडला. १० सप्टेंबरला शिक्षा झाली, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं आणि २४ ऑक्टोबर १९४५ च्या मध्यरात्रीनंतर आकेर्सहुस किल्ल्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. अस्थी कुटुंबाला मिळायला १९५९ उजाडलं. तो राहत होता त्या वाड्यात आज होलोकॉस्टचा अभ्यास करणारं केंद्र आणि संग्रहालय आहे.

रिन्नानला १ फेब्रुवारी १९४७ च्या पहाटे ट्रॉन्डहाइमच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. त्याच्या टोळीतल्या इतर अनेकांनाही मृत्युदंड झाला. त्यांच्या अड्ड्याच्या बंगल्यात पुढे, योगायोग म्हणा, एक ज्यू कुटुंब राहायला आलं. नॉर्वेजियन लेखक सीमॉन स्ट्रांगर यांनी आपल्या सासरच्या या कहाणीवर २०१८ मध्ये कादंबरी लिहिली आणि ती बरीच गाजली.

एकूण ३७ जणांना मृत्युदंड दिला गेला, २५ नॉर्वेजियन आणि १२ जर्मन. शेवटचा १९४८ मध्ये. ९० हजारांहून अधिक प्रकरणं तपासली गेली, त्यातल्या साधारण निम्म्यांना दंड, कैद किंवा नागरी हक्क गमावण्याची शिक्षा झाली. तेव्हा देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात होती, म्हणजे जवळपास प्रत्येक गावात कुणी ना कुणी आरोपी होता. युद्धकाळासाठीचा मृत्युदंडही नॉर्वेने १९७९ मध्ये पूर्ण रद्द केला.

नोबेलविजेता आणि जर्मनांच्या प्रेयसी

सगळ्यात अवघड केस होती क्नुट हाम्सुनची. १९२० चं साहित्याचं नोबेल मिळवणारा, नॉर्वेचा लाडका लेखक. पण नाझींचा उघड समर्थक. १९४३ मध्ये त्याने आपलं नोबेल पदक गोबेल्सला भेट दिलं आणि हिटलर मेल्यावर वर्तमानपत्रात त्याचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. वय ८५. याला गोळ्या घालायच्या? डॉक्टरांनी त्याची मानसिक क्षमता कायमची क्षीण झाल्याचा अहवाल दिला. देशद्रोहाचा खटला टळला, जबर दंडावर भागलं. गंमत म्हणजे १९४९ मध्ये या 'क्षीण' माणसाने सगळ्या प्रकरणावर एक पुस्तक लिहिलं आणि वाचणाऱ्यांना त्याचं डोकं चांगलंच शाबूत असल्याचं कळलं.

लेखकाला सूट मिळाली. जर्मन सैनिकांवर प्रेम केलेल्या मुलींना मिळाली नाही. त्यांचे रस्त्यात धरून केस भादरले गेले, हजारोंना खटल्याशिवाय छावण्यांत डांबलं. मुळात हा गुन्हा कुठल्याच कायद्यात नव्हता. ज्यांनी जर्मनांशी लग्न केलं त्यांचं नागरिकत्व काढून त्यांना जर्मनीला धाडलं गेलं. जर्मन बायका केलेल्या नॉर्वेजियन पुरुषांना मात्र असं काही भोगावं लागलं नाही. म्हणजे गद्दारीची व्याख्याही बाई बघून ठरली.

या नात्यांतून जन्मलेल्या मुलांची संख्या दहा हजारांच्या वर मानली जाते. त्यांना शाळेत, मोहल्ल्यात 'जर्मनाची पोरं' म्हणून हिणवलं गेलं. त्यातली एक तान्ही मुलगी आजीसोबत स्वीडनला गेली आणि मोठी होऊन 'अॅबा' या बँडची गायिका झाली, अॅनी-फ्रिड लिंगस्टाड. नॉर्वेच्या सरकारने या स्त्रियांची माफी मागितली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी. तोवर त्यातल्या बहुतेक जणी हयात नव्हत्या.

जो सुटला

आणि क्नुट रोड. हा ओस्लोचा पोलीस अधिकारी. नोव्हेंबर १९४२ च्या त्या रात्री ज्यू कुटुंबांना घराघरांतून उचलून बंदरावर नेण्याची आखणी त्याची. पथकं कोणत्या पत्त्यावर जातील, टॅक्सी किती लागतील, सगळं नेटकं ठरवलेलं. शहरातल्या शंभरेक टॅक्सी त्या पहाटे या कामाला लावल्या होत्या.

युद्धानंतर त्याच्यावरही खटला चालला. बचाव असा की रोड आतून भूमिगत चळवळीला मदत करत होता आणि ती मदत चालू राहावी म्हणून त्याला पदावर राहणं भाग होतं. न्यायालयाने तो मान्य केला. वरच्या न्यायालयाने पुन्हा खटला चालवायला लावला, १९४८ मध्ये तो पुन्हा निर्दोष सुटला. मग तो पोलीस दलात परत रुजू झाला आणि रीतसर निवृत्त झाला.

राजवाड्यातल्या वस्तू लाटल्याचा गुन्हा क्विसलिंगच्या निकालपत्रात आहे. डोनाऊवर चढवलेल्या ५०० माणसांसाठी मात्र ओस्लोतल्या त्या पोलीस अधिकाऱ्याला एक दिवसाचीही शिक्षा झाली नाही. अटक करणारे हात नॉर्वेजियन होते, हे सरकारने अधिकृतपणे कबूल करून माफी मागितली ती थेट २७ जानेवारी २०१२ ला. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी ते भाषण ओस्लोच्या बंदरात केलं, जिथून ते जहाज निघालं होतं त्याच धक्क्यावर.